"साडेनऊशे डॉलरपर्यंत चोरी माफ" : सॅन फ्रान्सिस्कोच्या नावाने फिरणाऱ्या एका मजकुराचा समाचार

सॅन फ्रान्सिस्को शहराविषयीचा एक लांबलचक मराठी मजकूर गेले काही महिने व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. ओळखीच्या दोन-तीन गटांत तो दिसला तेव्हा मी काणाडोळा केला, कारण अशा प्रत्येक मजकुराला उत्तर देत बसायचे तर दुसरे काही करायलाच नको. परंतु आता तोच मजकूर नाशिकच्या मावशीकडून आला आणि खाली तिने लिहिले होते, "आम्ही सप्टेंबरात येतोय हे नक्की, पण ते शहर मात्र वगळ. तुझ्या काकांनी सगळं वाचून काढलंय." मावशीची अख्खी नोकरी शाळेत गेली आणि मुलांनी ऐकीव गोष्ट निबंधात लिहिली तर ती लाल शाईने खोडत असे. तिलाही हा मजकूर खरा वाटला असेल, तर त्याला उत्तर द्यायलाच हवे.

मजकुराचे म्हणणे थोडक्यात असे. 2020 मध्ये पोलिसाच्या हातून जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाचा मृत्यू झाल्यानंतर अमेरिकेत जी निदर्शने झाली, त्यांच्या दबावाखाली सॅन फ्रान्सिस्कोने पोलिसांचा निधी निम्म्यावर आणला. पाठोपाठ साडेनऊशे डॉलरपर्यंतची चोरी कायदेशीर केली. त्यामुळे दुकाने लुटली गेली, मॉल आणि हॉटेले बुडाली, रस्तोरस्ती खून पडू लागले, पर्यटकांनी पाठ फिरवली आणि जगातले एक देखणे शहर पाच वर्षांत मेले. शेवटची ओळ अशी : "पोलिसांचे हात बांधले की हेच होते. गोवेकरांनो, मुंबईकरांनो, वेळीच जागे व्हा." सोबत नशेत कमरेतून वाकून उभ्या राहिलेल्या माणसांची एक चित्रफीत आणि काचा फुटलेल्या गाड्यांची दोन छायाचित्रे आहेत. चित्रफीत खरी आहे आणि छायाचित्रेही खरी असावीत. आक्षेप आहे तो या चित्रांना जोडलेल्या कारणांना, कारण त्यातली काही कारणे घटना घडून गेल्यानंतरची आहेत आणि काही तर घडलेलीच नाहीत.

जे घडलेच नाही ते आधी घेऊ. तत्कालीन महापौर लंडन ब्रीड यांनी 2020 च्या उन्हाळ्यात पोलीस आणि शेरीफ या दोन्ही खात्यांचे मिळून 12 कोटी डॉलर दोन वर्षांत कृष्णवर्णीय वस्त्यांसाठीच्या योजनांकडे वळवण्याची घोषणा केली होती, हे खरे आहे. घोषणेचा गाजावाजा भरपूर झाला, कारण तो करण्यातच त्या वेळी राजकीय फायदा होता. पण शहराचे अंदाजपत्रक सार्वजनिक असते आणि त्यातले आकडे ज्याला वाचायचे त्याला वाचता येतात. 2019-20 मध्ये पोलीस खात्याची तरतूद साधारण 69 कोटी डॉलर होती. पुढची दोन वर्षे ती काही टक्क्यांनी खाली आली, 2022-23 मध्ये 71 कोटींच्या घरात गेली आणि 2023-24 मध्ये 77 कोटींच्या आसपास पोहोचली. म्हणजे ज्या काळात 'निधी निम्म्यावर आल्यामुळे' शहर मेले असे सांगितले जाते, त्याच काळात निधी पूर्वीपेक्षा जास्त झाला होता. शिवाय मार्च 2023 मध्ये जादा कामाच्या भत्त्यासाठी आणखी अडीच कोटी डॉलर मंजूर झाले, ते वेगळेच.

इथे एक गोष्ट मान्य करायला हवी, मनाविरुद्ध का होईना. पैसा घटला नाही, पण माणसे घटली. पूर्णवेळ कामावर असणाऱ्या पोलिसांची संख्या 2019 च्या सुमारास अठराशेच्या वर होती, ती 2023 पर्यंत पंधराशेच्या आसपास आली. जुने निवृत्त झाले, काही उपनगरांतल्या निवांत ठाण्यांत गेले आणि नव्या भरतीला उमेदवार मिळेनात. बदललेले वातावरण, पोलिसांविषयीचा राग, आंदोलनातल्या घोषणा, यांचा त्यात वाटा नव्हता असे मी म्हणणार नाही. परंतु रिकाम्या जागा एक गोष्ट आहे आणि कापलेला निधी दुसरी. आपल्याकडे ज्यांनी पोलीसभरतीची वर्षानुवर्षे रखडलेली प्रक्रिया पाहिली आहे, त्यांना तरी हा फरक समजावून सांगावा लागू नये.

मग वाढलेला पैसा गेला कुठे, याचे उत्तर शहराच्याच लेखापरीक्षणात मिळते. डिसेंबर 2024 मध्ये नगरमंडळाच्या अर्थविश्लेषकाने पोलिसांच्या जादा कामाच्या भत्त्याची तपासणी प्रसिद्ध केली. 2018-19 मध्ये हा खर्च 5.29 कोटी डॉलर होता, तो 2022-23 मध्ये 10.84 कोटी डॉलर झाला. थोड्या माणसांना जास्त तास राबवायचे आणि त्या तासांना दीडपट दर द्यायचा, असा हा व्यवहार. त्याच तपासणीत असेही आढळले की काही पोलीस आजारपणाची रजा टाकून त्याच दिवशी खासगी आस्थापनांच्या दारात मोबदल्यावर पहारा देत होते. पोलिसांच्या निधीवर बोलायचेच असेल तर या अहवालावर बोलावे. किती पैसा दिला यापेक्षा तो कशावर गेला हा प्रश्न अधिक टोचणारा आहे, आणि त्याचा फिरत्या मजकुरात मागमूसही नाही.

आता साडेनऊशे डॉलरकडे येऊ. संपूर्ण मजकुरात सर्वांत खुळचट आणि सर्वांत घातक विधान हेच आहे, म्हणून इथे थोडे थांबतो.

कॅलिफोर्नियात चोरी कधीच कायदेशीर झालेली नाही, एका डॉलरचीही नाही. अमेरिकेतल्या प्रत्येक राज्यात चोरीच्या रकमेची एक रेषा असते. तिच्या वरची चोरी हा 'फेलनी', म्हणजे गंभीर गुन्हा, आणि खालची चोरी हा 'मिस्डिमीनर', म्हणजे तुलनेने कमी शिक्षेचा गुन्हा. रेषेच्या खालच्या दुकानचोरीलाही कॅलिफोर्नियात सहा महिन्यांपर्यंत तुरुंगवास आहे. ही रेषा 1982 पासून 400 डॉलरवर होती आणि 2010 मध्ये ती 950 डॉलरवर नेण्याच्या विधेयकावर सही केली ती रिपब्लिकन राज्यपाल अर्नोल्ड श्वार्झनेगर यांनी. महागाईचा हिशेब केला तर 1982 चे 400 डॉलर म्हणजे 2010 चे जेमतेम 900 डॉलर होतात, तेव्हा वाढ महागाईपुरतीच होती. पुढे नोव्हेंबर 2014 मध्ये राज्यभर झालेल्या मतदानात प्रपोझिशन 47 (मतदारांपुढे ठेवलेला कायद्याचा प्रस्ताव) संमत झाले आणि या रेषेखालच्या दुकानचोरीला सरसकट कमी गंभीर गुन्ह्याच्या वर्गात टाकण्यात आले. यातल्या एकाही निर्णयाचा 2020 शी संबंध नाही आणि एकही निर्णय सॅन फ्रान्सिस्को शहराने घेतलेला नाही.

आता कडक कायद्यासाठी ज्याचे नाव घेतले जाते त्या टेक्सासकडे पाहा. तिथे ही रेषा 2,500 डॉलर आहे. मजकूर लिहिणाऱ्याचे तर्कशास्त्र लावायचे तर टेक्सासात अडीच हजार डॉलरपर्यंतची चोरी माफ आहे. एवढे लांब कशाला, 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या आपल्या भारतीय न्याय संहितेचे कलम 303 उघडून पाहावे. पाच हजार रुपयांहून कमी किमतीची चोरी पहिल्यांदाच सिद्ध झाली आणि मुद्देमाल किंवा त्याची किंमत परत केली, तर शिक्षा सामुदायिक सेवेची आहे. म्हणून भारतात पाच हजारांपर्यंत चोरी कायदेशीर झाली असे कुणी मावशीला सांगितले असते तर तिने त्याला वर्गाबाहेर उभे केले असते. तेच विधान परदेशाविषयी आले की आपण डोळे झाकून पुढे ढकलतो.

या विधानाला मी घातक म्हणतो त्याचे कारण वेगळे आहे. दरवर्षी महाराष्ट्रातून हजारो मुले शिकायला अमेरिकेत येतात आणि त्यांच्यामागोमाग आई-वडील भेटीला येतात. स्वयंचलित काउंटरवर एखादी वस्तू न मोजता पिशवीत टाकण्याचा मोह कुणाला झाला आणि मनात कुठेतरी 'इथे एवढ्याला कुणी विचारत नाही' हे बसलेले असेल, तर काय होते? भारतीय नागरिकांना दुकानचोरीबद्दल अटक झाल्याच्या बातम्या आपण वाचलेल्या आहेत. जुलै 2025 मध्ये अमेरिकेच्या भारतातील दूतावासाने जाहीरपणे बजावले की अमेरिकेत हल्ला, चोरी किंवा घरफोडी केली तर खटला तर होईलच, शिवाय व्हिसा रद्द होऊ शकतो आणि पुढे व्हिसा मिळणेही बंद होऊ शकते. स्थलांतर कायद्याच्या नजरेत चोरी हा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यांत मोडतो आणि तिथे शंभर डॉलर की हजार डॉलर हा प्रश्न दुय्यम ठरतो. स्थानिक नागरिकाला जी चूक दंडावर निभावते, ती परदेशी विद्यार्थ्याचे शिक्षण, नोकरी आणि कर्जाचे हप्ते एकदम बुडवू शकते. ज्याने 'साडेनऊशे डॉलर माफ' लिहिले त्याला हे ठाऊक नव्हते, आणि ज्यांनी ते पुढे पाठवले त्यांनी आपल्याच नातवंडांच्या वाटेत खड्डा खणून ठेवला.

अर्धसत्य काय आहे तेही सांगतो. कॅलिफोर्नियात कमी गंभीर गुन्हा पोलिसाच्या डोळ्यांदेखत घडला नसेल तर बहुधा दुकानाच्या माणसालाच पुढे होऊन 'नागरिकाची अटक' करावी लागे. कंपन्यांचे धोरण मात्र असे की कर्मचाऱ्याने चोराला हातही लावू नये, उगाच जिवावर बेतेल. त्यामुळे सराईत चोर थोड्या-थोड्या मालाच्या फेऱ्या मारत आणि सुटत, ही तक्रार खोटी नव्हती. मार्केट स्ट्रीटवरच्या औषधांच्या दुकानात टूथपेस्ट आणि साबणाची पावडर कुलूपबंद पारदर्शक कपाटात दिसे. शेजारचे बटण दाबायचे, घंटी वाजायची, आणि किल्ल्यांचा जुडगा घेऊन एकटी मुलगी दुसऱ्या गिऱ्हाइकाकडून धावत येईपर्यंत टूथपेस्टकडे बघत उभे राहायचे. लोक याला कंटाळले होते. म्हणूनच ऑगस्ट 2024 मध्ये राज्याने कायदा बदलून पोलिसांना सबळ कारणावरून दुकानचोराला अटक करण्याची मुभा दिली. नोव्हेंबर 2024 मध्ये प्रपोझिशन 36 मोठ्या बहुमताने संमत झाले आणि ज्याच्या नावावर आधीच्या दोन चोऱ्या आहेत त्याच्यावर रक्कम कितीही असली तरी गंभीर गुन्हा नोंदवता येऊ लागला. म्हणजे मजकूर मुळात खोटा तर होताच, आता तो शिळाही आहे.

दुकाने आणि मॉल यांचे प्रकरण त्यामानाने लवकर आटोपते. वॉलग्रीन्सने ऑक्टोबर 2021 मध्ये शहरातली पाच दुकाने संघटित चोरीमुळे बंद करत असल्याचे जाहीर केले आणि जगभर मथळे झाले. जानेवारी 2023 मध्ये त्याच कंपनीच्या वित्तप्रमुखांनी गुंतवणूकदारांसमोर कबूल केले की गेल्या वर्षी आम्ही बहुधा जरा जास्तच गळा काढला. या कबुलीचे मथळे झाले नाहीत, मग ती व्हॉट्सॲपवर कुठून येणार! अमेरिकेतल्या किरकोळ व्यापाऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेने 94.5 अब्ज डॉलरच्या मालतुटीपैकी जवळपास निम्मी तूट संघटित चोरीमुळे होते असा दावा केला होता, तोही डिसेंबर 2023 मध्ये तिने मागे घेतला. चोरी होत नव्हती असे नाही, पण चोरीच्या नावावर इतर अनेक हिशेब चुकते केले गेले.

मॉलचा मुद्दा मात्र पाहण्यासारखा आहे. मार्केट स्ट्रीटवरच्या वेस्टफील्ड मॉलच्या मालकांनी जून 2023 मध्ये 55.8 कोटी डॉलरच्या कर्जाचे हप्ते थांबवले. त्याच महिन्यात युनियन स्क्वेअरजवळच्या हिल्टन आणि पार्क 55 या दोन मोठ्या हॉटेलांच्या मालकांनी 72.5 कोटी डॉलरच्या कर्जावर पाणी सोडले. वेस्टफील्डने असुरक्षिततेचे कारण पुढे केले होते, हे लपवत नाही. पण हीच कंपनी त्याआधीपासून अमेरिकेतले आपले मॉल विकून बाहेर पडायचे म्हणत होती. आणि त्याच शहराच्या नैर्ऋत्येला स्टोन्सटाउन नावाचा जुना मॉल आहे, तो या सगळ्या काळात गजबजलेला राहिला. पोलीस तेच, कायदा तोच, सरकारी वकीलही तोच. फरक असा की स्टोन्सटाउनच्या भोवती राहती घरे आणि विद्यापीठ आहे, तर वेस्टफील्डचे गिऱ्हाईक होते आसपासच्या कचेऱ्यांतले नोकरदार आणि परिषदांना आलेले पाहुणे. महामारीनंतर ते नोकरदार घरूनच काम करू लागले. 2019 मध्ये शहरातल्या कार्यालयांची जेमतेम पाच-सहा टक्के जागा रिकामी होती, 2024 मध्ये ते प्रमाण पस्तीस टक्क्यांच्या वर गेले. मॉन्टगोमेरी स्थानकातून सकाळी साडेआठला फिरत्या जिन्यावर खांद्याला खांदा लावून वर येणारी गर्दी नाहीशी झाली, मग तिच्या दुपारच्या सँडविचवर आणि संध्याकाळच्या खरेदीवर जगणारी दुकानेही गेली. या पोकळीत पोलिसांचा निधी दुप्पट केला असता तरी रिकाम्या कचेरीत कारकून परतला नसता.

खुनांविषयी एकच परिच्छेद पुरे. अमेरिकेत 2020 या एका वर्षात खुनांचे प्रमाण जवळपास तीस टक्क्यांनी वाढले. ही वाढ देशभर होती. निधी कापणाऱ्या, न कापणाऱ्या आणि वाढवणाऱ्या अशा सर्व प्रकारच्या शहरांत होती. सॅन फ्रान्सिस्कोत 2024 मध्ये 35 खून झाले, हा साठ वर्षांतला नीचांक आहे. शहराची लोकसंख्या सव्वाआठ लाखांच्या आसपास. तेवीस लाखांच्या ह्यूस्टनमध्ये त्याच वर्षी तीनशेहून अधिक खून झाले; दरडोई प्रमाण कुणीही काढून पाहावे. एप्रिल 2023 मध्ये कॅश ॲप या पैसे पाठवण्याच्या ॲपचे संस्थापक बॉब ली यांचा या शहरात भोसकून खून झाला, तेव्हा काही तासांत 'बेघर गुंडांनी मारले' असा गिल्ला झाला. नऊ दिवसांनी अटक झाली ती त्यांच्या ओळखीच्याच, त्यांच्याच क्षेत्रात वावरणाऱ्या माणसाला आणि डिसेंबर 2024 मध्ये तो दोषी ठरला. गिल्ला करणाऱ्यांपैकी किती जणांनी दुरुस्ती पाठवली, ते विचारू नये. तसेच 'गुन्हेगारीमुळे बंद झालेले प्रसिद्ध बर्गरचे दुकान' म्हणून जो उल्लेख मजकुरात येतो, ते इन-अँड-आउट ऑकलंडच्या विमानतळाजवळचे होते आणि मार्च 2024 मध्ये खरोखरच चोऱ्यांना कंटाळून बंद झाले. पण ऑकलंड हे खाडीपलीकडचे वेगळे शहर आहे. त्याची महापालिका वेगळी, पोलीस वेगळे आणि दुखणीही वेगळी.

गाड्यांच्या काचांविषयी मात्र मजकूर लिहिणाऱ्याला अर्धे गुण द्यावे लागतात. अलामो स्क्वेअर, पॅलेस ऑफ फाइन आर्ट्स, ट्विन पीक्स, फिशरमन्स वॉर्फ या प्रेक्षणीय जागांच्या कडेला, पदपथालगत, टेम्पर्ड काचेचे हिरवट निळसर खडे पसरलेले असत. झाडणाऱ्याने झाडले तरी फटींत उरत. चोर चालत्या गाडीतून उतरे, भाड्याच्या गाडीची मागची छोटी काच ठोकून आसन पाडे, डिकीतली बॅग काढे आणि अर्ध्या मिनिटात पसार होई. शंभर फोडलेल्या गाड्यांमागे अटक होई ती एक-दोन प्रकरणांत, आणि हे पोलीस खात्याचे निखालस अपयश होते. त्यात कायद्याची एक फट अशी की गाडीचे दार कुलूपबंद होते हे सिद्ध करावे लागे. त्यासाठी पर्यटकाने साक्षीला परत यायचे, आणि तो तर केव्हाच मायदेशी गेलेला! ही फटही 2024 च्या कायद्याने बुजवली.

पण वर्षे पाहा. काचफोडीच्या सर्वाधिक तक्रारी नोंदवल्या गेल्या त्या 2017 मध्ये, एकतीस हजारांहून अधिक. त्या वर्षी पोलिसांचा निधी कापा असे कुणी म्हणत नव्हते, आणि ज्या सरकारी वकील चेसा बुडीन यांच्यावर सगळे खापर फुटते ते जानेवारी 2020 मध्ये पदावर आले. त्यांना मतदारांनी जून 2022 मध्ये मुदतीआधीच मतदान करून पदावरून हटवले, त्यामागची नाराजी खरी होती, पण 2017 च्या काचा त्यांच्या खाती घालता येत नाहीत. 2020 मध्ये पर्यटकच नव्हते, तेव्हा काचफोडी झपाट्याने घटली. आणि 2024 मध्ये ती आदल्या वर्षाच्या तुलनेत 54 टक्क्यांनी उतरून बावीस वर्षांच्या नीचांकावर आली. पोलीस तेव्हाही गरजेच्या संख्येपेक्षा पाचशेच्या आसपास कमीच होते. बदल झाला तो पद्धतीत. आमिषाच्या गाड्या उभ्या केल्या, साध्या वेशातली पथके नेमली, राज्याच्या अनुदानातून शंभर चौकांत गाड्यांच्या नंबरपाट्या टिपणारे चारशे कॅमेरे बसवले आणि मोजक्या टोळ्यांवर लक्ष ठेवले. सगळे श्रेय कॅमेऱ्यांना देणेही घाईचे होईल, कारण त्या वर्षी गुन्हे देशभर घटले. तरीही 'पैसा कमी म्हणून गुन्हे जास्त' हे समीकरण या आकड्यांवर टिकत नाही, एवढे निश्चित. मावशीला मी लिहिले ते इतकेच : शहरात गाडी भाड्याने घेऊ नका, विमानतळावरून बार्ट या लोकल गाडीने या, आणि गाडीने फिरायचेच झाले तर आत रिकामी पिशवीसुद्धा ठेवू नका, कारण पिशवी रिकामी आहे हे चोराला काच फोडल्यावरच कळते.

चित्रफितीतली वाकलेली माणसे हे या शहराचे खरे दुःख आहे आणि त्यावर मला कुरघोडी करायची नाही. टेंडरलॉइन ही युनियन स्क्वेअरला चिकटून असलेली काही चौकांची वस्ती. स्वस्त हॉटेले शोधताना पर्यटक नेमके तिथे उतरतात आणि पहिल्याच संध्याकाळी हादरतात. फेंटानिल आणि इतर अमली पदार्थांच्या अतिसेवनाने 2023 मध्ये शहरात 810 माणसे गेली, त्या वर्षीच्या खुनांच्या कितीतरी पट. खुद्द ब्रीड यांनी डिसेंबर 2021 मध्ये टेंडरलॉइनसाठी आणीबाणी जाहीर केली होती, म्हणजे निधी वळवण्याच्या घोषणेनंतर दीडच वर्षाने त्या उलट दिशेला वळल्या. मे 2023 पासून तर राज्याचे महामार्ग पोलीस आणि नॅशनल गार्ड हे राखीव सैनिकी दलही विक्रेत्यांविरुद्ध कामाला लावले गेले. आता मजकूरवाल्यांच्याच पद्धतीने निष्कर्ष काढायचा तर असे म्हणता येईल की पोलिसांचा निधी वाढला, जादा कुमक आली आणि त्याच वर्षी सर्वाधिक माणसे मेली, तेव्हा पोलिसांमुळेच मेली. हे विधान जितके मूर्खपणाचे आहे तितकेच त्यांचेही आहे. पुढच्या वर्षी हा आकडा 635 च्या आसपास आला, तोही कमी नाहीच. व्यसनमुक्तीच्या खाटा, निवारा, उपचार, मानसिक आरोग्य आणि विक्रेत्यांवरचे खटले यांची सांगड कशी घालावी यावर या शहरात रोज कडाक्याचे वाद होतात. त्या वादात पोलिसांचे स्थान आहे, पण त्यांना एकट्यांना ते ओझे पेलणार नाही, हे त्यांचे अधिकारीही नाकारत नाहीत.

पर्यटकांनी पाठ फिरवली म्हणावे, तर 2019 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत 2 कोटी 62 लाख पाहुणे आले होते आणि 2023 मध्ये 2 कोटी 31 लाख. घट आहे. तिचा मोठा भाग चीनमधून येणाऱ्या, रेंगाळून खर्च करणाऱ्या पाहुण्यांचा आणि आटलेल्या व्यावसायिक परिषदांचा आहे. शहराची बदनामी हेही एक कारण आहेच, आणि त्या बदनामीत अशा मजकुरांचा हातभार किती, हे मजकूर लिहिणाऱ्यांनी स्वतःला विचारावे. मेलेल्या शहरात वर्षाला सव्वादोन कोटींहून अधिक माणसे येत नाहीत.

राहिली गोवेकर आणि मुंबईकर यांना दिलेली हाक. गोव्यात 2019 मध्ये नऊ लाखांहून अधिक विदेशी पर्यटक आले होते. 2024 मध्ये ते पावणेपाच लाखांच्या आसपास राहिले. गोव्यात कुणी पोलिसांचा निधी कापला नाही, कुणी चोरी माफ केली नाही, तरीही विदेशी पाहुणे निम्मे झाले. चार्टर विमाने घटली, रशिया-युक्रेन युद्ध आले, टॅक्सीचे भाडे आणि हॉटेलांचे दर चढले आणि आग्नेय आशिया स्वस्त पडू लागला. नोव्हेंबर 2024 मध्ये एका उद्योजकाने ही घसरण समाजमाध्यमावर आलेखासह मांडली, तेव्हा राज्याच्या पर्यटन खात्याने त्याच्याविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली. सॅन फ्रान्सिस्कोचे पोलीस खाते आपले गुन्ह्यांचे आकडे, चांगले आणि वाईट दोन्ही, आपल्या संकेतस्थळावर मांडते, आणि मी वर काचफोडीचे आकडे दिले ते त्याच नोंदींतले आहेत. गोवेकरांनी जागे होऊन मागायचेच असेल तर असे एक पान मागावे.